चढाला ओढते, सपाटीला मिसिंग

चढाला गाडी झकास ओढते आणि सपाटीला लागली की मिसिंग करते. तक्रार एवढीच. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं ज्यानं ती ऐकली त्यानं आधी ती सुलटी करून घेतली. ‘म्हंजे चढाला मिसिंग करते म्हणा की.’ इंजिनाचा जीव निघायचा तो घाटात, सपाटीला त्याला काय होतंय, असा साधा हिशेब. गाडीचे मालक पेशानं वकील. ते दर वेळी तेच सांगायचे. पन्हाळ्याचा घाट ती एका दमात चढते. उतरून वाघबीळ सोडलं, केर्लीच्या बाजूला सरळ रस्ता लागला आणि पाय जरा हलका ठेवला, की ठसकायला लागते. चार ठसके, मग थोडा वेळ ठीक, मग पुन्हा चार. दारात आयडलिंगला उभी केली तर शिलाई मशीनसारखी एकसुरी चालते. आणि हे सगळं अचानक सुरू झालं. आदल्या रविवारपर्यंत काही म्हणजे काही नव्हतं.

दोन गॅरेजांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि दुरुस्ती मात्र आपल्या मनातल्या तक्रारीची केली. मला या प्रकरणात गोडी वाटली ती तिथेच.

गाडी १९६५ सालची एमजीबी. वकीलसाहेबांचे वडील इंग्लंडात एफआरसीएस झाले, काही वर्षं तिथंच नोकरी केली आणि परतताना बिऱ्हाडाबरोबर ही दोन दारांची, कापडी छताची, गडद हिरवी गाडी बोटीनं मुंबईला उतरवली. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी फेरारी-बिरारी ही नव्हे. पगारदार माणसाला परवडावी, रविवारी दोघांनी समुद्रापर्यंत जाऊन यावं आणि बिघडलीच तर घरामागे आपणच पाना फिरवावा, अशा बेतानं केलेली गाडी. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडर, दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकलाही एवढी ताकद असते. पण ती हॅचबॅक रस्त्यापासून इतकी खाली बसवत नाही आणि खालून येणारा प्रत्येक आवाज असा थेट पाठीच्या कण्यात आणून सोडत नाही. त्यामुळे एमजीबीतला एक चुकलेला ठोकासुद्धा चालवणाऱ्याला लपत नाही.

कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं तसं अप्रूप नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक रस्त्यावर येते ती बघत इथल्या कैक पिढ्या वाढल्या. शिवाय या हिरव्या गाडीच्या इंजिनाचे सख्खे भाऊबंद कोल्हापूरनं चांगले ओळखीचे करून घेतलेले आहेत. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ साली एकत्र आल्या, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि तिनं ‘बी सिरीज’ नावाचं इंजिन आपल्या अनेक गाड्यांना लावलं. त्याचं १४८९ सीसीचं रूप १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारला मिळालं, तेच पुढे हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये आलं आणि कलेक्टरांपासून साखर कारखान्याच्या चेअरमनांपर्यंत सगळ्यांना घेऊन वर्षानुवर्षं फिरलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्याच घरातला थोरला. झाकण उघडलं की अँबॅसडरवर हात बसलेल्या माणसाला नकाशा लागत नाही. डिस्ट्रिब्यूटर कुठं, पुशरॉड कुठं, टायमिंगची खूण कुठं, सगळं ओळखीचं. फायरिंग ऑर्डरसुद्धा तीच, १-३-४-२.

पण अँबॅसडर खोलणारी पिढी आता साठी-सत्तरीला टेकली आहे. तरुण मेकॅनिकांचा हात स्कॅनरवर बसलेला. सॉकेटला यंत्र जोडलं की पडद्यावर दोषाचा नंबर येतो आणि त्या नंबरचा पार्ट मागवला जातो. एमजीबीला सॉकेट नाही. मग पहिल्या गॅरेजनं, त्यांच्या बाजूनं विचार केला तर, योग्य तेच केलं. जे जे बदलता येण्याजोगं होतं ते बदललं. चार प्लग नवे. प्लगच्या वायरी नव्या. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण, आतला रोटर, सीबी पॉइंट, कंडेन्सर नवा. मिसिंग होतं तिथंच राहिलं. मग कॉइल बदलली. तरी तेच.

दुसऱ्या गॅरेजनं पेट्रोल धरलं. ऊसपट्ट्यात राहून पेट्रोलवर संशय घेणं फार सोपं झालं आहे, कारण पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल इथल्याच कारखान्यांच्या चिमणीखालून निघतं. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के मिश्रणाचा टप्पा आला आणि तेव्हापासून कुठलीही जुनी गाडी खोकली की पहिलं बोट इथेनॉलकडे जातं. संशय अगदीच बिनबुडाचा नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. त्याच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे साध्या पेट्रोलवर लावलेला कार्ब्युरेटर नव्या पेट्रोलवर थोडा ‘लीन’ पडतो, मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाची गाडी हलक्या पायावर अडखळते हेही खरं. गॅरेजनं टाकी उतरवून धुतली, दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले, मागच्या चाकाजवळच्या एसयू पंपाचे पॉइंट घासले. हा पंप विजेवर चालतो आणि चावी फिरवली की टक-टक-टक करत भरतो. वाटीत पेट्रोल पुरेसं झालं की गप्प होतो. तो नीट टकटकत होता, नीट गप्प होत होता. गॅरेजात उभ्या उभ्या रेस करून बघितली तर दोन-अडीच हजारांवर कधी ठसकायची, कधी नाही. थ्रॉटल उघडलं की बिघडतंय म्हणजे कार्ब्युरेटरच, असं म्हणून जेट पुन्हा फिरवले गेले.

वकीलसाहेबांना एक चांगली सवय होती. बदललेला प्रत्येक जुना पार्ट ते मागून घ्यायचे. म्हणून तिसऱ्या दारात ते उभे राहिले तेव्हा गाडीबरोबर जुन्या पार्टांची एक पिशवी होती.

तिसरं दार आण्णांचं. नाव छापू नका म्हणाले, पाटी तर त्यांच्या दारावरही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक भिंतभर पाने आणि हाताखाली भाच्याचा मुलगा. तारुण्यातली वर्षं एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात अँबॅसडर आणि जीप सांभाळण्यात गेली. पॉइंटचा गॅप ते अजून थाऊमध्ये सांगतात, पंधरा थाऊ, म्हणजे एक इंचाच्या हजार भागांतले पंधरा, आणि फिलर गेज लावायच्या आधी डोळ्यांनी बघून जो आकडा सांगतात तो गेज सहसा खोटा पाडत नाही.

आण्णांनी बॉनेट उघडलं नाही. स्टुलावर बसून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

‘थंड असताना करते का गरम झाल्यावर?’

‘दोन्ही वेळेला.’

‘ठसका कसा? गाडी दम टाकते, का चावी बंद-चालू केल्यागत झटका बसतो?’

‘झटका. चावी बंद-चालू केल्यागतच.’

‘तवा काटा बघितलासा का? आरपीएमचा?’

वकीलसाहेब थांबले. मग म्हणाले, काटा नाचतो. ठसका बसला की खाली पडतो आणि परत वर येतो. त्यांना वाटलं होतं जुन्या गाडीचा जुना काटा, त्याचं काय मनावर घ्यायचं.

आण्णांच्या दृष्टीनं निम्मा तपास इथं संपला. का, ते समजून घ्यायचं तर या गाडीत ठिणगी कशी तयार होते ते जरा बघावं लागेल.

बॅटरी बारा व्होल्टची. (खरं तर या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे फळीखाली जोडून ठेवलेल्या असतात. त्या तिथं कुणाच्या डोक्यातून आल्या कोण जाणे, पाणी घालताना प्रत्येक मालक त्याला शिव्या घालतो.) प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला मात्र दहा हजार व्होल्टच्या पुढं दाब लागतो. ते काम कॉइल करते. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या. थोड्या वेढ्यांच्या जाड तारेतून बॅटरीचा तीन-चार अँपिअरचा करंट वाहतो आणि चुंबकत्व साठतं. हा करंट एकदम तोडला की चुंबकत्व कोसळतं आणि दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत तो प्रचंड दाब उभा राहतो. तोडण्याचं काम सीबी पॉइंट करतात. दोन छोटे धातूचे ठिपके, कॅमच्या धक्क्यानं उघडतात, स्प्रिंगनं मिटतात. कंडेन्सर त्यांच्या शेजारी असतो तो उघडताना पॉइंटवरच ठिणगी पडून करंट रेंगाळू नये म्हणून. चार सिलिंडरांचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर ही उघडझाप सेकंदाला शंभर वेळा होते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या.

आता आरपीएमचा काटा. १९६४ च्या अखेरीपासून एमजीबीला विजेवर चालणारा काटा आला. कॉइलकडे जाणारा बारा व्होल्टचा करंट किती वेळा तुटतो-जुळतो ते मोजून तो इंजिनाचा वेग दाखवतो. म्हणजे प्लग खराब असेल, प्लगची वायर गळत असेल, झाकणाला तडा असेल, रोटर जळला असेल, पेट्रोल येत नसेल, तर इंजिन ठसकेल, पण काटा इंजिनाच्या मागोमाग निवांत चालेल. त्याला त्या बाजूचं काही कळतच नाही. ठसक्यासरशी काटाच पडला तर करंट अलीकडेच तुटतोय: चावी, कॉइलला येणारी वायर, कॉइलची जाड तार, पॉइंट, आणि मधल्या जोडण्या. या एका उत्तरानं टाकी, पंप, दोन कार्ब्युरेटर, इथेनॉल, प्लग, झाकण, रोटर सगळे सुटले. त्यांच्यावर झालेला खर्च मात्र सुटला नाही.

दुसरा निम्मा तपास तक्रारीतच पडून होता. चढाला ठीक, आयडलिंगला ठीक, सपाटीला हलक्या पायावर खराब. आण्णांनी ती उलटी करून घेतली नाही, जशीच्या तशी घेतली आणि स्वतःला विचारलं, की डिस्ट्रिब्यूटरमध्ये असं काय आहे जे फक्त हलक्या पायावर हलतं?

आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटाला बशीसारखा एक डबा लटकलेला असतो, त्यात रबरी पडदा आणि तिथून एक बारीक नळी कार्ब्युरेटरला जाते. याला व्हॅक्युम ॲडव्हान्स म्हणतात. हलक्या पायावर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, ते संथ जळतं, म्हणून ठिणगी जरा आधी पाडावी लागते. थ्रॉटल थोडंसंच उघडं असताना कार्ब्युरेटरच्या त्या भोकाशी जोराचा व्हॅक्युम तयार होतो, पडदा खेचला जातो, आणि पॉइंट ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेटच काही अंशांनी फिरते. ठिणगी लवकर पडते. घाटात पाय पूर्ण दाबला की व्हॅक्युम जवळजवळ नाहीसा होतो, प्लेट जागेवर परत. आयडलिंगला थ्रॉटलची चकती त्या भोकाच्या पलीकडं मिटलेली, तेव्हाही व्हॅक्युम नाही, प्लेट जागेवर. म्हणजे ही प्लेट हलते ती फक्त मधल्या अवस्थेत, केर्लीच्या सरळ रस्त्यावर पाय टेकवून निवांत चाललेल्या गाडीत. आणि प्लेटबरोबर हलते तिच्यापर्यंत करंट आणणारी वायर.

ही सगळी मांडणी आण्णांनी मला नंतर सांगितली. त्या वेळी ते फक्त ‘बरं’ म्हणाले, उठले, बॉनेट उघडलं, व्हॅक्युमची नळी डिस्ट्रिब्यूटरकडून उपसली आणि तिच्या तोंडात एक जुना स्क्रू पिळून बसवला. ‘जावा. केर्लीपातूर जाऊन या.’ वकीलसाहेबांबरोबर मीही गेलो. शिवाजी पूल ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. जिथं जिथं ठसकायची त्या त्या जागा त्यांना पाठ होत्या आणि प्रत्येक जागा जवळ आली की ते स्टिअरिंग घट्ट धरायचे. एकही ठसका नाही. काटा एका जागी. गाडी थोडी सुस्त वाटली, हलक्या पायावरचा ॲडव्हान्सच काढून घेतल्यावर ती वाटणारच, पण मिसिंग नाही म्हणजे नाही.

परत येऊन वकीलसाहेब पाकिटाला हात घालू लागले तर आण्णांनी हातानंच थांबवलं. दोष गेलाय हे त्यांना पुरेसं नव्हतं. नळी काढल्यानं गेलेला दोष म्हणजे रबरी पडदा फाटल्याचा असू शकतो, प्लेट अडकल्याचा असू शकतो, वायरचा असू शकतो. दोष आपल्या हातानं परत आणता आला पाहिजे, आपण म्हणू तेव्हा, आपण म्हणू तेवढा. माझ्या मते मेकॅनिक आणि पार्ट बदलणारा यांच्यात फरक असेल तर तो या एका पायरीचा आहे, आणि बिलात तिची ओळ नसल्यामुळे ती सगळ्यात आधी गाळली जाते.

इंजिन आयडलिंगला चालू ठेवून आण्णा वाकले, डिस्ट्रिब्यूटरला नळीचा एक तुकडा लावला आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. नीट इंजिनात असं केलं की ठिणगी लवकर पडू लागते आणि वेग जरासा चढतो. इथं ओढल्यासरशी इंजिन ठसकलं. काटा शून्याकडं पडला. सोडलं, पुन्हा सुरळीत. ओढलं, ठसका. त्यांनी जिभेनं नळीचं तोंड बंद करून धरलं तर जीभ चिकटून राहिली, म्हणजे पडदा शाबूत. भाच्याचा मुलगा काट्यावर नजर ठेवून ओरडत होता, ‘पडला. आला. पडला.’ स्कॅनर हातात घेऊन वाढलेलं पोर, त्याला त्या दिवशी झालेला आनंद बघण्यासारखा होता.

मग झाकणाच्या दोन क्लिपा उघडल्या, रोटर उपसला. खाली प्लेट, प्लेटवर पॉइंट, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या भिंतीतल्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत येणारी बोटभर लांबीची वायर. दिसायला धडधाकट. आधीच्या गॅरेजनं मल्टिमीटर लावून तपासलीही होती आणि मीटरनं बरोबर असल्याचा आवाज दिला होता. प्लेट जागेवर असताना ती बरोबरच होती. आण्णांनी प्लेट बोटानं फिरवली, वायर ताणली गेली, मीटर गप्प. मग वायर काढून त्यांनी माझ्या हातात दिली. दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत वाकवत गेलं की सगळीकडं ती कमान करून वाकत होती, पण टर्मिनलपासून अर्ध्या इंचावर एका जागी घडी पडल्यासारखी मोडत होती. ताणली की तिथलं प्लास्टिक लांबायचं. आण्णांनी ब्लेडनं तेवढंच सोललं. आत तांब्याचे सगळे तंतू तुटलेले, टोकं काळी पडलेली, एकमेकांना जेमतेम टेकून राहिलेली.

ही वायर मूळची नव्हती. कारखान्यातून आलेली असते तिच्यात केसासारखे पुष्कळ बारीक तंतू असतात, कारण ती लाखो वेळा हलणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. कुणीतरी कधीतरी तिच्या जागी साधी, जाड तंतूंची वायर घातली होती. जाड तंतू वाकून वाकून कडक होतो आणि तुटतो, एक आज, एक सहा महिन्यांनी. जोवर दोन-तीन शाबूत आहेत तोवर चार अँपिअर निभावून जातात आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. शेवटचा तुटला तो त्या रविवारनंतर.

नवी वायर कुठून आणायची, हा प्रश्न मला पडला. इंग्लंडातून पार्ट मागवायचा म्हणजे पंधरवडा गेला. आण्णांनी फळीवरून एक बंद पडलेला मल्टिमीटर काढला आणि त्याची बारीक लाल लीड कापली. मीटरची लीड सतत वळवली जाते म्हणून ती शेकडो बारीक तंतूंची असते, वर मऊ सिलिकॉन, उष्णतेलाही चांगलं. दोन्ही टोकांना टॅग डाख देऊन लावले. लांबी ठरवताना प्लेट दोन्ही टोकांना फिरवून बघितली, कुठंही ताण नको आणि कॅमला घासेल इतकं सैलही नको. प्लेटला बॉडीशी जोडणारी दुसरी एक छोटी विणलेली वायर असते, अर्थची. तीही वाकवून बघितली. ती मूळचीच होती आणि ठणठणीत होती.

काम इथं संपलं असतं. पण पिशवी उघडायची राहिली होती.

आण्णांनी पिशवीतले जुने पॉइंट काढून उन्हात धरले. दोन्ही ठिपके राखाडी, सपाट, थोडे झिजलेले. कंडेन्सर बिघडलेला असता तर ते निळे-काळे जळलेले असते. त्याची क्षमता कमी-जास्त असती तर एका ठिपक्यावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा पडला असता. म्हणजे काढून टाकलेला जुना कंडेन्सर निर्दोष होता आणि त्याची साक्ष हे पॉइंट देत होते. आता डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसलेल्या नव्या पॉइंटवर मात्र एवढ्यातच टेंगूळ दिसू लागलं होतं. नवा कंडेन्सर निघाला, जुना परत बसला. रोटरचंही तेच. आजकाल जगभरात बनणाऱ्या नकली रोटरमध्ये पितळी पट्टी धरणारा रिव्हेट आतल्या दांड्याच्या फार जवळ येतो आणि गरम झाला की ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी प्लास्टिक फोडून दांड्यातून अर्थ होते. जुन्या ब्रिटिश गाड्या सांभाळणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे. नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट हे गृहीतच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बाजारातलं. तेव्हा कंडेन्सर कोट्यवधींच्या संख्येनं लागायचे आणि बनवणाऱ्याची अब्रू त्यावर असायची. आज ते कुणासाठी बनतात? हौशी लोकांसाठी, थोडे, आणि ते बसल्यावर किती टिकले ते बघायला कुणी परत येत नाही. म्हणून चालू स्थितीतला जुना पार्ट काढून बिनचाचणीचा नवा बसवणं हा मला सरळसरळ तोट्याचा सौदा वाटतो.

कॉइल बघताना आण्णा पहिल्यांदा चिडले. ही गाडी ‘पॉझिटिव्ह अर्थ’ची आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असायची, एक चावीकडं, एक पॉइंटकडं. नव्या कॉइलवर अधिक आणि उणे. बसवणाऱ्यानं सवयीनं उणे पॉइंटकडं जोडलं होतं. इंजिन तरीही चालतं, म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेनं उडवावी लागते, तिला जास्त दाब लागतो आणि जिथं कॉइलचा जोर कमी पडेल तिथं ती चुकते. म्हणजे एक दोष शोधताना दुसरा पेरून ठेवला होता, जो पुढच्या उन्हाळ्यात, गरम इंजिनावर, घाटात उगवला असता. आणि मग सगळ्यांना वाटलं असतं की जुनंच मिसिंग परत आलं. वायरी अदलाबदल करायला मिनिट लागलं.

शेवटी टायमिंग, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाची जेटची नटं. दुसऱ्या गॅरेजनं ती अंदाजानं फिरवली होती. आण्णांनी ती आधी दोन्हीकडं सारखी केली, मग एकेका कार्ब्युरेटरचा पिस्टन पिनेनं किंचित उचलून इंजिनाचा आवाज ऐकत एक-एक फ्लॅट सोडत गेले. नटाला सहा फ्लॅट असतात. पेट्रोल बदललंय म्हणून जुन्या खुणेपेक्षा थोडं जास्त सोडलं. पिस्टनच्या नळकांड्यात तेल भरलं, जे कुणीच भरलं नव्हतं.

नळी परत जोडून गाडी पन्हाळ्याला जाऊन आली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

वकीलसाहेबांनी पैसे देताना बरेच दिवस मनात असलेला प्रश्न काढला. हे पॉइंटबिइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? पॉझिटिव्ह अर्थला चालणारी किट मिळतात, झाकणाखाली बसतात, बाहेरून दिसतही नाहीत.

‘बसवा की,’ आण्णा म्हणाले. ‘चांगलंच हाय ते. पण त्याचीबी डबी ह्याच प्लेटवर बसणार आन् त्याच्याबी दोन वायरी ह्या प्लेटसंगंच हलणार. तवा वायरी कशा वळवल्यात तेवढं बघून घ्या, बसवणाऱ्याला सांगू नका, सोता बघा.’

मग गाडीखाली एकदा टॉर्च मारून ते उठले आणि म्हणाले की टाकीपासून पंपापर्यंतचे आणि पंपापासून पुढचे पेट्रोलचे रबरी पाइप बोटानं दाबले की चिकट लागतायत. ते जुन्या पेट्रोलच्या जमान्यातले आहेत. नवे घेताना इथेनॉलला चालणारेच मागा, दिवाळीच्या आत बदलून टाका, आणि तोवर गाडी बंद गॅरेजात उभी करू नका.